बाटलीवरचं नाव आणि बाटलीतला पदार्थ : आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीत ‘सब्स्टन्स’ कसा मांडावा

एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीत हलवायचं काम चालू होतं. ॲलर्जीचा रकाना उघडला, तर त्यात ‘सल्फा’, ‘सल्फर’, ‘सल्फेट’, ‘सेप्ट्रान’ (सल्फा असलेल्या गोळीचा ब्रँड), ‘सल्फाची गोळी’ असं काय काय लिहिलेलं. टंकणाऱ्याला ते सगळं एकच वाटलं असणार. पण सल्फा म्हणजे सल्फोनामाइड गटातली जंतुविरोधी औषधं, सल्फर म्हणजे खरजेच्या मलमात असतं ते गंधक, आणि सल्फेट हा तर नुसता क्षाराचा भाग आहे, जो गरोदर बाईला देतात त्या लोहाच्या फेरस सल्फेटच्या गोळीतही असतो. सल्फाची ॲलर्जी असलेल्या बाईला लोहाची गोळी नाकारायचं काही कारण नाही. शब्द जुळवून इशारा देणारी प्रणाली मात्र नाकारणार.

शेजारी बसलेल्या फार्मासिस्ट बाईंना मी विचारलं, “मॅडम, यातलं खरं सल्फा कोणतं धरायचं?” त्या म्हणाल्या, “अहो, ते आता पेशंटला बोलावून विचारल्याशिवाय नाही कळायचं. लिहितानाच चुकलंय ना.”

लिहितानाच चुकू नये म्हणून पदार्थाची मांडणी आधी ठरवावी लागते. रुग्णालयासाठी, प्रयोगशाळेसाठी किंवा औषधदुकानासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींना ती कशी ठरवायची, ते मी इथे पायरीपायरीने सांगतो आहे. पाया आहे एचएल सेव्हन संस्थेच्या ‘फायर’ या आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकाचा, त्यातही चौथ्या आवृत्तीचा, म्हणजे आर-फोरचा. कारण सरळ आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची फायर मार्गदर्शिका आर-फोरवर उभी आहे, आणि ती तयार करणारं नॅशनल रिसोर्स सेंटर फॉर ईएचआर स्टँडर्ड्स पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आपल्याकडच्या प्रणालींना आज ना उद्या याच भाषेत बोलावं लागणार आहे.

पायरी १ : कागद गोळा करा, मग रकाने

संगणक बंद ठेवून सुरुवात करा. औषधभांडाराचं स्टॉक रजिस्टर, प्रयोगशाळेतल्या रसायनांची यादी, रक्त घ्यायच्या नळ्यांचं मागणीपत्रक, आहारतज्ज्ञांची पथ्याची यादी, त्वचारोग विभागातल्या पॅच टेस्टचा (कातडीवर लेप लावून ॲलर्जी शोधायच्या तपासणीचा) ट्रे आणि केसपेपरवरचा ॲलर्जीचा रकाना, एवढं टेबलावर मांडा. प्रत्येक ठिकाणचे वीस-पंचवीस शब्द जसेच्या तसे, चुकांसकट, उतरवून घ्या. प्रत्येक शब्दापुढे लिहा, की याबद्दल कोण, कधी, काय विचारणार आहे.

‘ईडीटीए’, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून नळीत घालतात ते रसायन; या शब्दाबद्दल प्रयोगशाळा विचारेल की हे रक्त कोणत्या नळीत घेतलं होतं, कारण जांभळ्या झाकणाच्या नळीतलं पोटॅशियम ईडीटीए चुकून बायोकेमिस्ट्रीच्या नमुन्यात गेलं, तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं आणि कॅल्शियम खोटंच घटलेलं दिसतं. ‘लॅटेक्स’बद्दल शस्त्रक्रियागृह विचारेल. ‘शेंगदाणा’ या शब्दाची काळजी स्वयंपाकघराला. ज्या माहितीबद्दल कुणीच काही विचारणार नाही, तिचा रकाना करू नका. पदार्थाचा उत्कलनांक ठेवायचा मोह रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला होतो; मलाही झाला होता. वॉर्डात तो कुणाला लागत नाही.

पायरी २ : वाण आणि नग वेगळे करा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

किराणा दुकानात ‘लोकवन’ म्हटलं की तो गव्हाचा वाण झाला. तुमच्या घरी आलेलं, वरच्या कोपऱ्यात भोक पडलेलं पोतं हा नग झाला. वाणाबद्दल जे खरं आहे ते सगळ्या पोत्यांना लागू. नगाबद्दल जे खरं आहे ते त्या एकाच पोत्याला. पदार्थांचंही असंच आहे. ‘ग्लिसरीन’ हा वाण. अमुक कंपनीचं, तमुक बॅचचं, कपाटातल्या तिसऱ्या फळीवरचं अर्धं भरलेलं कॅन हा नग.

हा भेद पुस्तकी वाटत असेल, तर मुंबईतलं १९८६ सालचं आठवा. त्या वर्षाच्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. दोन्ही द्रव रंगहीन, दाटसर, चवीला गोड. डोळ्याला फरक कळत नाही. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. आज आपण ती नोंद फक्त ‘ग्लिसरीन’ या कोडने केली असती, तर नोंद व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरली असती आणि तिचा उपयोग शून्य झाला असता. बाटलीवर जे लिहिलंय तो वाण. बाटलीत जे आहे, त्याचा माग काढायचा तर नग हवा: कोणाकडून आलं, कोणती बॅच, कुठल्या वॉर्डात किती गेलं. माहितीचं कोणतंही मॉडेल भेसळ थांबवत नाही, ती प्रयोगशाळेत तपासूनच कळते. पण तपासणीचा अहवाल आल्यावर उरलेली कॅनं कुठे आहेत हे पाच मिनिटांत कळणं वेगळं आणि पाच दिवसांनी कळणं वेगळं.

फायरमध्ये प्रत्येक प्रकारच्या नोंदीचा ठरलेला साचा असतो, त्याला ‘रिसोर्स’ म्हणतात. आर-फोरमधल्या ‘सब्स्टन्स’, म्हणजे पदार्थ, या रिसोर्समध्ये यासाठी ‘इन्स्टन्स’ नावाचा भाग आहे. त्यात तीनच गोष्टी बसतात: नगाची ओळख, मुदत आणि प्रमाण. इन्स्टन्स रिकामा असेल तर नोंद वाणाची, भरलेला असेल तर नगाची. तुमच्या मॉडेलमध्ये यावरून दोन प्रोफाइल (मूळ रिसोर्सवर आपले नियम घालून आवळलेले साचे) करा, एक वाणाचं आणि एक नगाचं. एकाच प्रोफाइलमध्ये दोन्ही कोंबलं की सहा महिन्यांत कुणीतरी पॅरासिटामॉलच्या वाणालाच मुदतीची तारीख लावून बसतं.

मुदतीबद्दल एक बारकावा. आपल्याकडच्या वेष्टनावर बहुधा महिना आणि वर्षच छापलेलं असतं. फायरच्या तारखेच्या रकान्यात नुसतं वर्ष-महिना लिहायची मुभा आहे, ती वापरा. डेटाबेस पूर्ण तारीख मागतो म्हणून प्रोग्रामर सर्रास ‘१ तारीख’ जोडतात आणि महिनाअखेरपर्यंत चालणारा माल महिन्याच्या सुरुवातीलाच बाद होतो.

पायरी ३ : शीव आखा

पदार्थ कुठे संपतो आणि औषध कुठे सुरू होतं? पॅरासिटामॉल हा पदार्थ. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी हे औषध. तिला रूप आहे, मात्रा आहे, ब्रँड असू शकतो. फायरमध्ये गोळीसाठी ‘मेडिकेशन’ हा वेगळा रिसोर्स आहे आणि त्याचा घटक म्हणून सब्स्टन्सकडे बोट दाखवता येतं. डॉक्टर जे लिहून देतात, नर्स जे देते, ते मेडिकेशन. ते ज्याचं बनलं आहे, तो सब्स्टन्स.

रुग्णाचं रक्त त्याच्या तपासणीसाठी घेतलं असेल तर ते ‘स्पेसिमेन’, म्हणजे नमुना. पण त्या नळीत आधीपासून असलेलं ईडीटीए हा सब्स्टन्स, आणि स्पेसिमेनच्या ‘ॲडिटिव्ह’ रकान्यातून त्याकडे निर्देश करता येतो. स्टेंट, सुई, हातमोजे ही उपकरणं. हातमोज्यातलं लॅटेक्स मात्र पदार्थ.

लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते ॲलर्जीच्या शिवेवर. ‘ॲलर्जी-इन्टॉलरन्स’ रिसोर्समध्ये पदार्थ थेट कोडने लिहितात, तिथे सब्स्टन्स रिसोर्सला जोडायचा दुवा नसतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी रचना वेगळी, पण कोडची यादी एकच हवी. ॲलर्जीसाठी एक यादी आणि भांडारासाठी दुसरी ठेवली, तर डॉक्टरांनी नोंदवलेली ॲलर्जी आणि भांडारातून निघालेली बाटली एकमेकांना कधीच ओळखणार नाहीत.

पायरी ४ : मूळ रकाने

सब्स्टन्समध्ये सक्तीचा रकाना एकच आहे, ‘कोड’. बाकी सगळे ऐच्छिक. मानक जगभरासाठी लिहिलेलं असल्यामुळे ते सैल असणारच. आवळायचं काम आपलं.

‘स्टेटस’ मी सक्तीचा करतो. त्याच्या तीन किमती आहेत: वापरात, वापरात नाही आणि चुकून नोंदलेलं. हा मॉडिफायर प्रकारचा रकाना आहे, म्हणजे तो नोंदीचा अर्थच बदलतो. नोंद वाचणाऱ्या प्रणालीला त्याच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

‘कॅटेगरी’च्या मूळ यादीत सात वर्ग आहेत: ॲलर्जेन, जैविक, शरीरातला पदार्थ, रसायन, अन्न, औषध, साहित्य. एकाच पदार्थाला अनेक वर्ग लावता येतात आणि लावावेत. लॅटेक्स साहित्यही आहे आणि ॲलर्जेनही. खरं सांगायचं तर ॲलर्जेन हा पदार्थाचा स्वभाव नसून विशिष्ट रुग्णाच्या संदर्भातली त्याची भूमिका आहे. शेंगदाणा शंभरांपैकी बहुतेकांना अन्नच असतो. म्हणून वर्गावर सुरक्षेचा नियम बेतू नका. वर्गाचा उपयोग शोधताना यादी आखूड करण्यापुरता ठेवा.

‘डिस्क्रिप्शन’ माणसांसाठी आहे. त्यात माहिती लपवू नका. प्रमाण, बॅच, घटक तिथे लिहिले की यंत्राला ते दिसत नाहीत.

पायरी ५ : कोड आणि ओळखक्रमांक

नाव ही ओळख नव्हे, हे आपल्याकडे तर फारच खरं आहे. ‘ब्राह्मी’ म्हणून एक वैद्य बॅकोपा मोनिएरी देईल, दुसरा सेंटेला एशियाटिका, जिला मंडूकपर्णीही म्हणतात. ‘शंखपुष्पी’ या नावाखाली तर तीन-चार वेगळ्या वनस्पती येतात. आधुनिक औषधांतही तेच: आपण पॅरासिटामॉल म्हणतो, अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, आपलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, रिफॅम्पिसिन तिथे रिफॅम्पिन. परदेशात शिकायला गेलेल्या मुलाच्या कागदावर यातलं दुसरं नाव असतं आणि इथे आल्यावर तीच गोळी दुप्पट दिली जाऊ शकते. नावांचा हा गोंधळ आवरण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय नावांची व्यवस्था सुरू केली. मॉडेलमध्ये दाखवायचं मुख्य नाव म्हणून मी तेच घेतो, आणि मराठी नाव व इतर पर्यायी नावं शब्दसंग्रहात ठेवतो.

मुख्य कोडसाठी स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय कोडपद्धती घ्या. भारत २०१४ पासून त्याच्या संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे देशात वापरासाठी शुल्क पडत नाही. त्यात पदार्थांची स्वतंत्र शाखा आहे. पॅरासिटामॉल या पदार्थाचा कोड ३८७५१७००४. पॅरासिटामॉल असलेल्या औषधाचा कोड वेगळा, ९०३३२००६, आणि तो औषधांच्या शाखेत येतो. शोधपट्टीत ‘पॅरासिटामॉल’ टाकलं की दोन्ही समोर येतात आणि घाईत दुसरा निवडला जातो. तुमच्या प्रोफाइलने सब्स्टन्सच्या रकान्यात स्नोमेडचे फक्त पदार्थांच्या शाखेतलेच कोड स्वीकारावेत, म्हणजे ही चूक दारातच अडेल.

लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष नोंदीत ते इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात, नाहीतर पडताळणीत नोंद नापास होते.

मुख्य कोडच्या जोडीला दुसरे क्रमांक ठेवता येतात. रसायनांसाठी कॅस (केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने प्रत्येक रसायनाला दिलेला) क्रमांक सोयीचा, कारण तो रसायनांच्या बाटल्यांवर छापलेला असतो. त्यात तपासणीचा अंक असतो आणि तो हाताने पडताळता येतो. पॅरासिटामॉलचा क्रमांक १०३-९०-२. शेवटचा २ बाजूला ठेवा. उरलेल्या १०३९० चे अंक उजवीकडून घ्या आणि क्रमाने १, २, ३, ४, ५ ने गुणा: ०, १८, ९, ०, ५. बेरीज ३२. एकक स्थानी २, म्हणजे क्रमांक बरोबर. ही चार ओळींची तपासणी प्रणालीत घाला, टंकताना झालेल्या बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातील. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा यूएनआयआय हा दहा अक्षर-अंकांचा ओळखसंकेतही पदार्थाच्या पातळीवर काटेकोर आहे. औषधनिर्मितीशी संबंध असेल तर तो ठेवा.

आता एक नियम, जो मोडलेला मी वारंवार पाहिला आहे. ‘कोड’ रकान्यात अनेक कोड लिहिता येतात, पण ते सगळे एकाच गोष्टीचे असले पाहिजेत. अम्लोडिपिन आणि अम्लोडिपिन बेसिलेट यांचे कोड एकाच रकान्यात शेजारी लिहू नका. दोन्ही ‘तेच’ नाहीत; बेसिलेट हा त्याचा क्षार आहे. स्नोमेडमध्ये क्षारापासून मूळ पदार्थाकडे नेणारा संबंध मुळातच नोंदलेला आहे, त्यामुळे मूळ पदार्थ शोधायला दुसरा कोड लागत नाही.

कोड सापडलाच नाही तर? स्थानिक कोड बनवा, स्वतःच्या नावाच्या वेगळ्या कोडपद्धतीखाली, आणि मूळ शब्द ‘टेक्स्ट’मध्ये जसाच्या तसा ठेवा. जवळपासचा एखादा अधिकृत कोड चिकटवून देण्यापेक्षा प्रामाणिक स्थानिक कोड शंभर पटीने बरा. चुकीचा कोड पुढे खरा म्हणूनच प्रवास करतो.

पायरी ६ : घटक आणि प्रमाण

डबीतला हिंग घ्या. आपण ‘हिंग’ म्हणतो, पण शुद्ध हिंग इतका उग्र असतो की विकताना त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार) असलेल्या रुग्णाच्या वरणात चिमूटभर हिंग पडला की गहू पोटात गेला. पदार्थाच्या मॉडेलला घटकांची गरज कशासाठी, याचं याहून घरगुती उदाहरण मला ठाऊक नाही. आहारविभागाची नोंद नुसती ‘हिंग’ असेल तर प्रणाली गप्प बसेल. हिंग, घटक गव्हाचं पीठ, अशी असेल तर इशारा देईल.

सब्स्टन्सचा ‘इन्ग्रीडिअंट’ भाग यासाठीच आहे. घटक कोडने लिहिता येतो किंवा दुसऱ्या सब्स्टन्सकडे दुवा देऊन. साध्या घटकासाठी कोड पुरेसा. घटकालाच पुढे घटक असतील तर दुवा. मी तीन पातळ्यांच्या खाली जायला मनाई करतो. त्याच्या खालची माहिती प्रत्यक्षात कुणी भरत नाही.

प्रमाण गुणोत्तराने लिहितात, अंश आणि छेद दोन्ही एककांसह. इथे टक्क्यांनी घात होतो. ‘५ टक्के’ म्हणजे १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम, की १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम? मलमात पहिलं, द्रावणात बहुधा दुसरं. म्हणून टक्का हे एकक प्रोफाइलमध्ये बंदच करा. ‘१:२,००,०००’ अशी लिहायची पद्धतही तशीच. लिग्नोकेनबरोबर ॲड्रिनॅलिन १:२,००,००० म्हणजे २,००,००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम. वाचणाऱ्याने हे गणित करत बसू नये; लिहिणाऱ्याने एकदा करून ‘५ मायक्रोग्रॅम प्रति १ मिलिलिटर’ असं ठेवावं. एककं यूसीयूएम या संकेतपद्धतीतली घ्या.

आणखी एक सापळा म्हणजे काय मोजलं, हा. अम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅम गोळीत बेसिलेट क्षार साधारण ६.९३ मिलिग्रॅम असतो, कारण क्षाराचा रेणू जड आहे: ५६७.०५ विरुद्ध ४०८.८८. घटक म्हणून बेसिलेट निवडलं आणि पुढे ५ लिहिलं, तर कागदावर मूळ औषध ३.६ मिलिग्रॅमच उरतं. पोव्हिडोन-आयोडिनच्या १० टक्के द्रावणात उपलब्ध आयोडीन १ टक्काच असतं. घटकाचा कोड आणि प्रमाण एकाच गोष्टीबद्दल बोलतायत ना, हे दर नोंदीत तपासा.

सगळं एकत्र कसं दिसतं, ते पॅच टेस्टच्या एका सिरिंजवर पाहा. मला हे उदाहरण आवडतं, कारण त्यात वाण, नग आणि घटक तिन्ही आहेत.

- स्टेटस : वापरात
- कॅटेगरी : ॲलर्जेन
- कोड : स्थानिक, टेक्स्ट ‘निकेल सल्फेटचा पॅच टेस्टचा लेप’
- घटक पहिला : निकेल सल्फेट हेक्साहायड्रेट, ५ ग्रॅम प्रति १०० ग्रॅम
- घटक दुसरा : पेट्रोलॅटम, ९५ ग्रॅम प्रति १०० ग्रॅम
- नग : सिरिंजचा लॉट (बॅच) क्रमांक, मुदत २०२७-०३, शिल्लक ३ ग्रॅम

ट्रेमध्ये याच्या शेजारी पोटॅशियम डायक्रोमेट ०.५ टक्के असतं, गवंडीकाम करणाऱ्यांच्या हाताला सिमेंटमुळे होणारा त्रास शोधायला. आणि पॅराफिनिलीनडायमीन १ टक्का, केसांच्या कलपाची ॲलर्जी पाहायला. तिघांचा साचा एकच. निकाल पॉझिटिव्ह आला, तर रुग्णाच्या ॲलर्जीच्या नोंदीत लेपाचा कोड जायला नको, निकेलचा गेला पाहिजे. रुग्णाला त्रास पट्ट्याच्या बक्कलचा आहे, आपल्या सिरिंजचा नाही.

पायरी ७ : झाडपाला आणि सजीवांपासून आलेले पदार्थ

रसायनाला रचनासूत्र असतं, झाडाला नसतं. औषधांच्या ओळखीसाठी आयएसओने जो पाच मानकांचा संच २०१२ मध्ये काढला, त्यातलं आयएसओ ११२३८ हे पदार्थांचं मानक. त्याची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यात रसायन, प्रथिन, न्यूक्लिक आम्ल, पॉलिमर आणि रचनेने विविध, असे प्रकार केले आहेत. वनस्पती शेवटच्या प्रकारात येतात, आणि त्यांची ओळख स्रोतावरून होते: कोणती प्रजाती, कोणता भाग, त्यातला कोणता अंश.

भाग का लागतो, हे बिब्ब्याला विचारा. बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल कातडीवर लागलं तर फोड येतात. धोबी त्याच तेलाने कपड्यांवर खुणा करत आणि त्या खुणेखालच्या कातडीला चट्टे उठत. त्याच फळाची आतली बी म्हणजे गोडंबी, जी आपण लाडवात घालतो. प्रजाती एकच, सेमेकार्पस ॲनाकार्डियम. एका भागाचं औषध, एकाचं अन्न, एकाची इजा. नुसतं ‘बिब्बा’ लिहिलेली नोंद यातलं काहीच सांगत नाही.

काँग्रेस गवताचंही पाहा. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे गवत पुण्यात १९५० च्या दशकात नजरेला आलं आणि मग देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिनसारख्या द्रव्यांमुळे शेतकऱ्यांच्या चेहऱ्याला, मानेला, हातांना होणारा त्वचादाह त्वचारोगतज्ज्ञांना रोजचा आहे. इथे रुग्णाला माहीत असतं ते गवत, डॉक्टरला हवं असतं ते द्रव्य. नोंद गवताची करा. द्रव्याचा संबंध शब्दसंग्रहात ठेवा.

आर-फोरच्या सब्स्टन्समध्ये प्रजाती आणि भाग यांना रकाने नाहीत. आयएसओच्या धर्तीवरचे तपशीलवार रिसोर्स आर-फोरमध्ये होते, पण ते नियामक संस्थांसाठी घडवलेले. रुग्णालयासाठी दोन छोटी एक्स्टेन्शन, म्हणजे मूळ साच्याला जोडलेले जादा रकाने, पुरतात: स्रोत-प्रजाती आणि स्रोत-भाग, दोन्ही कोडने भरायची. आयुर्वेदाच्या दवाखान्यासाठी काम करत असाल तर ती ऐच्छिक ठेवू नका.

पायरी ८ : गट

केसपेपरवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असतं आणि डॉक्टर ॲमॉक्सिसिलिन लिहितात. प्रणालीने इशारा द्यायचा तर ॲमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या शाखेत आहे हे तिला कळायला हवं. स्नोमेडची शाखारचना हे सांगते. म्हणून इशारा शब्द जुळवून द्यायचा नाही, शाखा तपासून द्यायचा. गटाचे कोड ॲलर्जीच्या नोंदीत चालतात. भांडारातल्या नगाच्या नोंदीत चालत नाहीत, कारण ‘पेनिसिलिन गट’ नावाची बाटली नसते. माझ्या ‘सल्फा’चं उत्तरही इथेच होतं: तो गट म्हणून नोंदवायचा, आणि ‘सल्फर’, ‘सल्फेट’ लिहिलेल्या नोंदी आपोआप न वळवता रुग्णाला विचारायच्या यादीत टाकायच्या. आम्ही तेच केलं. वेळ लागला.

रिकामा रकाना आणि ‘विचारलं, पण कोणतीही ज्ञात ॲलर्जी नाही’ यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी स्वतंत्र कोड आहे, तो वापरा.

पायरी ९ : नियम लिहा आणि मुद्दाम चुकीच्या नोंदी पाडा

इथवर ठरलेलं सगळं आता प्रोफाइलमध्ये उतरवा. हाताने लिहिण्यापेक्षा फायर शॉर्टहँड ही छोटी भाषा वापरा. ‘सुशी’ हे साधन तिचं रूपांतर करून देतं. कोडची यादी किती बांधील, याच्या चार पायऱ्या आहेत: रिक्वायर्ड, एक्स्टेन्सिबल, प्रिफर्ड, एक्झाम्पल. मूळ मानकात सब्स्टन्सचा कोड ‘एक्झाम्पल’ आहे, म्हणजे जवळजवळ मोकळा. तो ‘एक्स्टेन्सिबल’वर आणा, म्हणजे यादीत योग्य कोड असेल तर तोच घ्यावा लागेल, नसेल तर बाहेरचा चालेल. ‘रिक्वायर्ड’ केलात तर नवा पदार्थ आला की नोंदच अडेल, आणि अडलेला कर्मचारी कोणताही कोड टाकून पुढे जाईल.

रकान्यांच्या आपसांतल्या नियमांपैकी मला हे अटळ वाटतात: मुदत असेल तर लॉट क्रमांक हवाच, गुणोत्तरात अंश आणि छेद दोन्ही हवेत, प्रत्येक कोडला त्याच्या पद्धतीचं नाव हवं, स्नोमेडचा कोड पदार्थांच्या शाखेतलाच हवा, नगाच्या नोंदीत गटाचा कोड नको.

मग फायरचा व्हॅलिडेटर, म्हणजे नोंद नियमांत बसते का हे तपासणारं साधन, चालवा. बरोबर नोंदी पास होतात एवढ्यावर समाधान मानू नका. पद्धतीचं नाव नसलेला कोड, ‘५ टक्के’ प्रमाण, लॉटविना मुदत, गोळीचा कोड, देवनागरी अंक अशा दहा चुकीच्या नोंदी बनवा आणि दहाही नापास होतात का ते पाहा. काही चुका व्हॅलिडेटर पकडूच शकत नाही. अम्लोडिपिनच्या क्षाराचं गणित आणि मुदतीला चिकटवलेली १ तारीख या त्यातल्या. त्यांच्यासाठी माणसाची पडताळणी ठेवा, आणि ती फार्मासिस्टने करावी, प्रोग्रामरने नव्हे.

पायरी १० : चालवणं

नवा पदार्थ कोण घालणार, हे एका माणसाच्या नावाने ठरवा. एकदा दिलेला स्थानिक कोड दुसऱ्या पदार्थाला कधीही देऊ नका, पहिला बंद पडला तरी. एकाच पदार्थाच्या दोन नोंदी सापडल्या तर एक पुसू नका. ती ‘वापरात नाही’ करा आणि तिच्यातून चालू नोंदीचा ओळखक्रमांक सापडेल असं ठेवा, कारण जुन्या केसपेपरांचे दुवे अजून तिच्याकडेच येत असतात. ‘चुकून नोंदलेलं’ हा शेरा खऱ्या चुकीसाठीच राखून ठेवा.

आवृत्तीकडे लक्ष हवं. मार्च २०२३ मध्ये आलेल्या आर-फाइव्हमध्ये इन्स्टन्स हा भाग राहिला नाही. त्याऐवजी ‘ही नोंद नगाची आहे का’ याचं हो किंवा नाही असं उत्तर सक्तीचं झालं, आणि मुदत व प्रमाण थेट वरच्या पातळीवर आले. आर-फोरमध्ये एका नोंदीत अनेक नग बसतात, आर-फाइव्हमध्ये एका नोंदीत एकच. म्हणून आजच, आर-फोरवर असतानाच, नगाच्या प्रोफाइलमध्ये ‘एका नोंदीत एकच नग’ असा नियम घाला. वाण आणि नग पहिल्यापासून वेगळे ठेवले असतील, तर हे स्थलांतर एका छोट्या प्रोग्रामचं काम आहे. एकत्र ठेवले असतील, तर पुन्हा कपाटापुढे उभं राहून एकेक बाटली उचलून पाहावी लागेल.